डाव्या बाजूचं पेडल

प्रिय दादा,

सायकल काल पार्सल ऑफिसात दिली. पावतीचा फोटो तुला मिळाला असेलच. खोकं दोन्हीकडून दोरीने बांधलंय, हँडलला जुनी चादर गुंडाळली आहे, घंटी आणि पंप वेगळ्या पिशवीत आहेत. तेव्हा सायकलीची काळजी सोड आणि हे पत्र निवांत वाच. वहिनी आसपास नसताना वाचलंस तर तुझंच बरं. आता पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोनवर तू मला आजवर कधी वाक्य पुरं करू दिलंयस? कागदाचं बरं असतं. गिऱ्हाईक आलंय म्हणून तो मध्येच खाली ठेवता येत नाही. ठेवलास तरी तो तिथेच पडून राहतो.

तुझे या कामासाठी तीन फोन आले. पहिल्यांदा म्हणालास, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला बाबांची सायकल दारासमोरच्या भिंतीवर टांगायची आहे, पाठवून दे. दुसऱ्यांदा म्हणालास, आहे तशी पाठव, धूळसुद्धा पुसू नकोस, लोकांना जुनंच आवडतं. तिसरा फोन खास पेडलसाठी होता. पेडल काढायच्या भानगडीत पडू नकोस, ती गंजून बसली आहेत, तुझ्याच्याने व्हायचं नाही, उगाच हात कापून घेशील. मला भरून आलं होतं रे. एकतीस वर्षांत माझ्या हाताची काळजी तू पहिल्यांदाच केलीस. खरं तर तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण तुझ्याबद्दल शंका घ्यायची मला सवयच नव्हती.

मी तुझं ऐकणारच होते. पण पार्सल ऑफिसातला माणूस तुझ्यापेक्षा हट्टी निघाला. त्याच्याकडे एक मोजपट्टी आहे आणि त्या मोजपट्टीवर त्याचा फार जीव आहे. त्याने सायकल तिन्ही बाजूंनी मोजली, खोक्याला आठ बोटं जास्त भरतेय म्हणाला आणि पेडल काढून आणा असं सांगून पुढच्या माणसाकडे वळला. मी खूप विनवण्या केल्या. तो ढिम्म हलला नाही. देव त्याचं भलं करो.

मग सायकल ढकलत परत घरी आणली. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीकडे नेली असती तर त्याने काम करून दिलं असतं, पण तो तुझ्याच हाताखाली शिकलेला. मी रस्त्यात दिसले तरी त्याला अजून मिशीत हसू येतं. आता त्याच्याकडे पेडल काढायला जायचं म्हणजे त्याच्या चार दिवसांच्या करमणुकीची सोय. त्यापेक्षा मीच करून बघते म्हटलं. बाबांची पत्र्याची पेटी पलंगाखालून ओढली. त्यांचा लांब पाना तसाच होता, फडक्यात गुंडाळलेला. तो हातात घेतला. चौदाव्या वर्षानंतर मी पान्याला हात लावला नव्हता.

बाबांचं दुकान तुला आठवतं तसंच मलाही आठवतं, पण तुझ्या आठवणीत मी कुठे उभी असते कोण जाणे. माझ्या आठवणीत मी चाकं लटकवलेल्या भिंतीखाली लाकडी ठोकळ्यावर बसलेली असते. आई गेल्यावर शाळा सुटली की मी दुकानातच यायचे. बाबांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती पेडलची. उजव्या पेडलचे आटे सरळ, डाव्याचे उलटे. ते म्हणायचे, सरळ-उलटं घोकत बसू नकोस, गोंधळशील. पाना पेडलवर उभा धर. काढायचं असेल तर मागच्या चाकाकडे ढकल, बसवायचं असेल तर पुढच्या चाकाकडे. दोन्ही बाजूंना हाच नियम. आणि पेडल घट्ट बसलं की त्याच्या दांड्यावरून, ते ज्यात बसतं त्या क्रँकवर तैलरंगाची एक बारीक रेघ ओढायची. पेडल जरा जरी सैल झालं तरी रेघ तुटलेली दिसते, आणि रंगावरून काम कोणाचं तेही कळतं. बाबांची रेघ लाल, तुझी निळी. मला पिवळ्या रंगाची छोटी डबी मिळाली त्या दिवशी मी ती उशाशी घेऊन झोपले होते. तू हसला होतास. असो.

त्या आठवड्यात तुझी कॉलेजची शर्यत होती. तुझ्या सायकलीचं डावं पेडल कुरकुरत होतं आणि तू नव्या जोडीसाठी बाबांच्या मागे लागला होतास. बाबा म्हणाले, पुढच्या महिन्यात. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच्या सायकलीची दोन्ही पेडल मला काढायला लावली, ग्रीस लावून परत बसवायला लावली. मी बसवली. पिवळ्या रेघा ओढल्या. त्यांनी खाली वाकून बघितलं, पाना लावून तपासलं आणि डोक्यावर टपली मारली. बाबांची टपली म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तुला ती फार कमी मिळायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू शर्यतीला गेलास. दहा वाजता बाबांनी दुकान अर्धं बंद केलं. मुलगा शेवटच्या वळणावर कसा येतो ते बघून येतो म्हणाले आणि सायकलीवर टांग मारली. उशीर झाला होता म्हणून पाण्याच्या टाकीच्या चढावर ते उभं राहून पेडल मारायला लागले. तिथे डावं पेडल निखळलं. गुडघा दगडी कठड्यावर आपटला, आणि त्यानंतर तो कधीच नीट वाकला नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात हिरव्या बाकावर मी बसले होते. तू गळ्यातलं पदक घेऊनच आलास. चुलत्यांनी विचारलं, असं झालंच कसं, आणि तू म्हणालास की काल पेडल हिने बसवली, डाव्या बाजूचं हिला अजून कळत नाही, उलटं फिरवलं असेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला विचारलं, तसं केलंस का. दादा, मी चौदा वर्षांची होते आणि आत बाबा ओरडत होते. मी म्हणाले, असेल. तेवढा एक शब्द. त्या एका शब्दावर तू एकतीस वर्षं काढलीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने. माझ्या बाजूने ऐक. मी दुकानात जायचं बंद केलं. दुकान तुझं झालं. बाबांना मी सांभाळायचं असं कोणी ठरवलं नाही, ते आपोआपच ठरलं, कारण ज्याने मोडलं त्याने निस्तरावं. एकोणतीस वर्षं मी त्यांना पलंगावरून उठवलं, बाथरूमपर्यंत नेलं, तो गुडघा शेकला. दोन ठिकाणची स्थळं चांगली होती, पण मोडक्या बापाला टाकून कशी जाणार, आणि मोडला कोणी, तर मीच. नोकरी धरली ती चष्म्याच्या दुकानात. मालक मला शंकेखोर म्हणतात, कारण चष्म्याच्या काडीचा तिळाएवढा स्क्रू मी तीनदा तपासते. गिऱ्हाईक दाराबाहेर गेल्यावर परत बोलावून चौथ्यांदा तपासते. लोक हसतात. हसू देत. माझ्या हाताने बसवलेली वस्तू निखळते, हे मला ठाऊक होतं ना.

आणि तू काय केलंस? नुसता गप्प राहिला असतास तर एक वेळ चाललं असतं. तू त्याची गोष्ट केलीस. दुकानात नवा माणूस शिकायला आला की पहिल्या दिवशी त्याला हीच गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीने डावं पेडल उलटं फिरवलं आणि आमचे वडील जन्माचे लंगडे झाले, तेव्हा बाबांनो, डावी बाजू विसरू नका. वहिनीने एकदा मला कौतुकाने सांगितलं की ही गोष्ट ऐकून मुलं कशी चटकन शिकतात. माझं नाव त्यांनी उलटा पाना ठेवलं तेही तिनेच हसत सांगितलं. मीही हसले. आपलीच चूक, तर हसायचं कसं नाही?

आता पेडलकडे येते. उजवं दोन दिवसांत निघालं. सकाळ-संध्याकाळ रॉकेल सोडलं, पान्याच्या टोकाला पडद्याचा लोखंडी पाइप अडकवला, मागच्या चाकाकडे अंगाचा भार टाकला. करकरलं आणि सुटलं. आटे आतून अजून चकचकीत होते आणि ग्रीस काळं पडलं होतं, पण होतं. माझंच ग्रीस. बाहेरची माती पुसली तर पिवळी रेघसुद्धा निघाली, केसाएवढी, सरळ. मी जमिनीवर फतकल मारून बसले आणि रडले. मनात आलं, एक बाजू तरी नीट बसवली होती मी.

डावं चार दिवस हललं नाही. रॉकेल झालं, गरम पाणी झालं, हातोडीने ठोकून झालं. पाइपवर मी अक्षरशः उभी राहिले. हाताला फोड आले. तुझं खरंच होतं, हात कापला. चौथ्या दिवशी सायकल उलटी करून क्रँकची आतली बाजू बघितली तर काळ्या रंगाचा एक फुगवटा दिसला. चाकूने रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा टाका.

मग मला आठवलं. अपघातानंतरच्या आठवड्यात तू ती सायकल शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेला होतास. परत आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, आता हे पेडल जन्मात निघणार नाही. चुलते डोळे पुसायला लागले. काय पोरगा आहे, बापासाठी किती जीव तुटतो याचा. मीसुद्धा तुला मनातल्या मनात हात जोडले होते. मी बिघडवलेलं दादाने सावरलं म्हणून.

बाबांच्या पेटीत कानस होती. दीड तास घासत बसले आणि टाका उडवला. सायकल सरळ उभी केली, परत पाना लावला, उभा धरला, मागच्या चाकाकडे ढकलला. पेडल आणखी घट्ट झालं. पुन्हा ढकलला. आणखी घट्ट. माझा संताप संताप झाला. गेलं खड्ड्यात म्हटलं, सगळं जग मला उलटा पाना म्हणतंच आहे, तर फिरवते उलटा. पुढच्या चाकाकडे हिसका दिला आणि ते किर्रकन वाजलं आणि फिरायला लागलं. तीन फेऱ्यांत माझ्या हातात आलं.

दादा, डाव्या बाजूचं पेडल पुढे फिरवून निघत नाही. तुला हे कोणी शिकवायला नको, तू तर क्लास घेतोस. मी दांडा फडक्याने पुसला आणि उजेडात धरला. टोकावर इंग्रजी आर कोरलेला होता. उजवं पेडल. बाबांच्या सायकलीच्या डाव्या क्रँकमध्ये कोणीतरी उजवं पेडल ठोकून बसवलं होतं, जेमतेम तीन आटे धरतील एवढं, आणि क्रँकचे आटे पार चुरमडून गेले होते. असं पेडल चालवता चालवता आपोआप सुटत जातं. टाकीच्या चढापर्यंत टिकलं हेच आश्चर्य.

ते पेडल माझं नव्हतं. मी बसवलेलं डावं पेडल बाबांनी स्वतः तपासलं होतं. त्याची पिवळी रेघ अर्धी क्रँकवर राहिली आहे, तुझ्या काळ्या रंगाच्या खाली. उरलेली अर्धी कुठे आहे हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. वहिनीने परवाच नव्या दुकानाचे फोटो पाठवलेत, त्यात काचेच्या पेटीत तुझी शर्यतीची सायकल आहे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. बारीक बघायची भिंगं माझ्याकडे पुष्कळ आहेत. डाव्या पेडलच्या दांड्यावर पिवळा ठिपका आहे. सकाळी तू बाबांचं चांगलं पेडल काढून स्वतःला लावलंस, आणि तुझं कुरकुरणारं काढतानाच मोडलं असणार, म्हणून त्यांची सायकल उघडी दिसू नये यासाठी दुकानातल्या खोक्यात सापडलं ते सुटं पेडल तिथे ठोकलंस. शर्यतीहून आल्यावर बदलू म्हणाला असशील. ते मधल्या वेळात सायकल काढतील असं तुला वाटलं नसेल. आणि ते निघाले ते तुलाच बघायला. नंतर खरं पेडल परत लावायचं म्हटलं तर आटे गेलेले, आणि स्वतःची सायकल लंगडी करायची तुझी तयारी नव्हती. एवढं सगळं करून नंबर आला तोही दुसरा.

पेडल बदललंस त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. सतरा वर्षांचा होतास, शर्यत होती, घाई होती. व्हरांड्यात तू घाबरला असशील तेही मी समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी सकाळ झाली होती की नाही? त्यानंतर अकरा हजारांवर सकाळी झाल्या. त्यातली एक तुला पुरली असती.

अजून एक सांगायचं आहे. शेवटच्या वर्षी बाबा मला दोन-तीनदा म्हणाले होते, पेटीतला पाना घे आणि ते डावं पेडल एकदा काढून बघ. मला वाटलं, म्हातारपणी टोमणा मारतायत. एवढी वर्षं एक अक्षर बोलले नाहीत आणि आता मारतायत. तिसऱ्यांदा मी ताट त्यांच्यापुढे आपटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. परत त्यांनी विषय काढला नाही. दादा, त्यांच्या मनात काहीतरी आलं होतं. स्वतः तपासलेलं पेडल निखळलं कसं, हे ते पलंगावर पडल्या पडल्या वर्षानुवर्षं जुळवत असणार. वाकता येत नव्हतं म्हणून मला सांगत होते. मी काढलं असतं तर त्यांच्या डोळ्यांदेखत काढलं असतं. ती टपली मला आणखी एकदा मिळाली असती. ही गोष्ट मी तुला कधीच माफ करणार नाही. आपण दोघं म्हातारे होऊन एकाच इस्पितळात शेजारच्या खाटांवर पडलो तरी नाही.

खोकं उघडशील तेव्हा त्यात फक्त उजव्या बाजूचं पेडल सापडेल, डाव्या बाजूचं मी ठेवून घेतलंय. डाव्या क्रँकवरचा काळा रंग मी सगळा काढला आहे, तेव्हा अर्धी पिवळी रेघ भिंतीवर टांगल्यावर छान दिसेल. पुन्हा रंगवू नकोस, माझ्याकडे फोटो आहेत. काचेच्या पेटीतला ठिपकाही खरवडायला जाऊ नकोस, त्याचाही आहे.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. कबुली मागायला नाही, तुझी कबुली मला कशाला हवी, माझ्याकडे पेडल आहे. माफी मागितलीस तर ती न वाचता परत पाठवीन. उद्घाटनाला बारा दिवस आहेत. वहिनीने माझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आहे आणि बाबांबद्दल दोन शब्द बोल म्हणून गळ घातली आहे. मी हो म्हटलंय. तूही बोलशील, सायकलीखाली उभा राहून, आणि सगळे मेस्त्री तुझी ती नेहमीची गोष्ट ऐकायची म्हणून सावरून बसतील. ती तू कशी सांगायचीस ते तू ठरव. त्यानंतर मी उठून काय बोलणार, हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि ठरलं तरी तुला कळवणार नाही. कदाचित बाबांच्या टपलीबद्दल बोलेन आणि खाली बसेन. कदाचित नाही. रोज सकाळी उठल्यावर, दुकानाचं कुलूप काढताना, जेवताना, कोणी मला नुसतं नावाने हाक मारली तरी, आता ती गोष्ट निघते की काय असं कसं वाटत राहतं, ते मी एकतीस वर्षं बघितलं. तू बारा दिवस बघ. एवढ्यासाठीच लिहिलं. बाकी ठीक. मी तपकिरी पर्स घेऊन येईन, ती मोठी नाही, पण पेडल त्यात बसतं. घालून बघितलंय, तीनदा.

तुझीच,
उलटा पाना